टाकी नंबर तीनचा वास

मार्चअखेर बहुतेकांचा माल उतरलेला असतो आणि एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे काड्या मागे कापून नवी फूट काढायची छाटणी, अजून लागलेली नसते. द्राक्षवाल्याच्या वर्षात मोकळे म्हणावेत असे एवढेच दिवस. तासगाव-पलूस पट्ट्यात मी द्राक्षसल्लागार म्हणून फिरतो. या मोकळ्या दिवसांत आमच्या बागायतदारांना घेऊन नाशिकचा अभ्यास दौरा काढायचा, हा शिरस्ता आहे. निर्यातीचं पॅकहाऊस, प्लास्टिक आच्छादनाखालची बाग, नव्या वाणांचे प्लॉट असं बघत जायचं आणि वणीच्या सप्तशृंगीचं दर्शन घेऊन परत फिरायचं.

या खेपेला यादीत मी एक वायनरी घातली. दिंडोरी तालुक्यात, रामशेज किल्ला समोर दिसतो अशा डोंगरउतारावर एका कुटुंबाची आहे. वडील, मुलगा आणि मुलगी असे तिघं चालवतात. यादीत घातली खरी, पण गाडीतल्या दोन माणसांची मला धास्ती होती.

एक सावळजकडचे आबा. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी, आणि पंचक्रोशीत नाव असलेलं बेदाण्याचं शेड. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "तुमी जावा आत, मी गाडीत बसतो."

दुसरे पलूसचे अण्णा. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि पाठोपाठ विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क उभे राहिले, तेव्हा अण्णांनी मोठ्या उमेदीने कॅबर्ने या वाईनच्या काळ्या जातीची बाग लावली होती. एका कंपनीशी करार होता. २००८-०९ ला मंदी आली, वायनऱ्यांत माल तुंबला आणि करारातला दर कागदावरच राहिला. घड वेलीवर वाळले. अण्णांनी खोडं कापून त्यांवर सोनाका या खाण्याच्या जातीचं कलम भरलं. आमच्या भागात ही गोष्ट एकट्या अण्णांची नाही, त्यामुळे वाईन म्हटलं की निम्म्या लोकांच्या कपाळाला आठी पडते.

वायनरीच्या फाटकाशी वडील उभे होते. सगळे त्यांना काका म्हणतात. आबा गाडीतच बसलेत हे कळल्यावर ते स्वतः गाडीपाशी गेले. "आबा, आधी बाग बघायची आहे. बागेला काय विटाळ असतो का?" आबा उतरले.

चढण बरीच होती. जमीन मुरमाड, पायाखाली खडी सरकत होती. आमच्याकडे असल्या जमिनीत द्राक्ष लावायचं म्हटलं तर आधी चार डंपर काळी माती ओततील. काकांच्या मुलाने, म्हणजे बाग बघणाऱ्या भाऊने, माती मुद्दाम आणली नाही म्हणून सांगितलं. वेलीला जेमतेम पुरेल एवढंच द्यायचं. पाणी वरच्या शेततळ्यातून ठिबकने, तेही मोजून. उतारामुळे पावसाचं पाणी मुळाशी थांबत नाही, वारा खेळता राहतो, पानं लवकर सुकतात, म्हणून डावणी या बुरशीरोगाचा त्रास खालच्या सपाट रानापेक्षा कमी. हे आमच्या लोकांना लगेच पटलं. मांडव नाही की वाय आकाराचा आधार नाही, नुसत्या उभ्या तारांवर एका रेषेत चढवलेल्या काड्या, हे मात्र कुणाला पटलं नाही.

"ह्याला सावली कुठली? मणी करपायचा की."

"मण्याला थोडं ऊन लागलंच पाहिजे, त्याशिवाय रंग आणि चव भरत नाही," भाऊ म्हणाला.

चेनिन आणि सोव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या जाती जानेवारी-फेब्रुवारीतच निघाल्या होत्या. शिराझ या काळ्या जातीचा प्लॉट सगळ्यात वरचा, तो नुकताच तोडला होता. कॅबर्नेच्या काही ओळी अजून लटकत होत्या. घड बघून आमची मंडळी हसायलाच लागली. आमच्याकडे मणी अठरा मिलिमीटरच्या खाली गेला की निर्यातवाला नाक मुरडतो. त्यासाठी विरळणी करायची, मणी फुगवायला घड जीए या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवायचे, सगळा खटाटोप. इथे वाटाण्याएवढे काळे मणी, एकमेकांना चिकटलेले. आमच्यातल्या तात्यांनी खिशातून रसातली साखर मोजायचा ब्रिक्स मीटर काढला. हा माणूस देवळात जातानाही तो बरोबर ठेवतो. मणी चिरडून थेंब टाकला, डोळ्याला लावला आणि म्हणाले, "तेवीस." मग तोंडात टाकला आणि थुंकले. "साल बघा केवढी! आन् बिया."

"त्या सालीचेच पैसे," काका म्हणाले. रंग सालीत, तुरटपणा सालीत आणि बीमध्ये. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणजे आम्ही ज्या गोष्टीशी वर्षभर भांडतो, ती इथे जपली जाते.

एकरी उतारा विचारल्यावर भाऊने चार-पाच टन सांगितला. आमच्याकडचा चांगला प्लॉट दहा-बारा टन देतो, त्यामुळे शांतता पसरली. हिशेब तिथेच मातीत काडीने मांडला गेला. टनाला साधारण साडेसहाशे लिटर वाईन, म्हणजे साडेआठशेच्या आसपास बाटल्या. किलोभर द्राक्षाला एक बाटली, थोडी कमीच. मग बाटली, बूच, लेबल, वर्षभर थंड ठेवायची वीज, अबकारीचे कागद, दुकानदाराचं कमिशन. अण्णा सगळं ऐकत होते, बोलत नव्हते.

खाली आल्यावर मुलीने, म्हणजे ताईने, ताबा घेतला. तिने मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून वाईनचं शिक्षण घेतलं आहे. दादांच्या नावाची संस्था म्हटल्यावर सांगलीवाल्यांचे चेहरे खुलले. आबाही आत आले. कारखाना बघायला हरकत नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं असावं.

आत स्टीलच्या उंच टाक्या, त्यांच्या भोवती थंड पाणी फिरवणारे कप्पे, ओली फरशी. पांढरी वाईन करताना आधी रस दाबून काढतात, रात्रभर थंड ठेवतात, गाळ खाली बसला की वरचा निवळ रस दुसऱ्या टाकीत घेऊन आंबवतात. लाल वाईनचं तसं नाही. देठ काढून मणी फोडायचे आणि साली-बियांसकट टाकीत भरायचे. साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर बसतो. खालचा रस पंपाने त्या थरावर पुन्हा पुन्हा सोडायचा.

ताई हे सांगत पुढे चालली होती आणि तीन नंबरच्या टाकीपाशी मात्र जरा घाईने वळली. पण आमच्यातल्या कुणाचंच नाक काही बंद नव्हतं. सडक्या अंड्याचा वास. फार नाही, पण नक्की तोच.

"ही टाकी आजारी आहे," ती म्हणाली. लपवलं नाही, हे मला आवडलं. शिराझची टाकी होती. यीस्टला रसातला नत्र कमी पडला की ते असला वास सोडतं, म्हणून तिने दोन दिवसांपूर्वी डीएपी दिला होता.

"डीएपी?" तात्या ओरडलेच. "अठरा-शेहेचाळीस?"

"तोच, पण खाण्याच्या प्रतीचा. आणि अगदी थोडा."

यावर जी हसाहशी झाली ती थांबता थांबेना. पिण्याच्या मालाला खताचा डोस! मलाच समजावून सांगावं लागलं की यीस्टसुद्धा जीवच आहे, त्यालाही नत्र लागतो. पण ताईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. डीएपी देऊनही वास हटत नव्हता.

आबा टाकीच्या झडपेपाशी थांबले होते. तिने काचेच्या ग्लासात थोडा नमुना काढून दिला. त्यांनी ग्लास ओठांपासून लांब धरला, वास घेतला, परत घेतला, आणि भाऊकडे वळून विचारलं, "भुरीला शेवटचा गंधक कवा मारलासा?"

भुरी म्हणजे पानाघडांवर येणारी पांढरी बुरशी, तिच्यावर गंधक फवारतात. भाऊ गोंधळला. "का हो आबा?"

"आवो, आमचा बेदाणा गंधकावरच उभा हाय. धुरी जास्त झाली की नाकाला कळतं. आन् बागेत शेवटी गंधक मारलेला माल शेडवर आला तरी बी कळतं. पाऊस न्हाई तर धुऊन जायचा कसा त्यो? सालीवरच बसतोय."

फवारणीची वही बागेतल्या खोलीत होती. भाऊ जाऊन घेऊन आला. फेब्रुवारीच्या शेवटी ढगाळ हवा होती, वरच्या प्लॉटमध्ये घडांवर भुरी दिसली, आणि त्याने गंधकाची फवारणी घेतली होती. तोडणीच्या साधारण वीस दिवस आधी. ताईने ती नोंद वाचली आणि भावाकडे बघितलं. ती टाक्या बघते, तो बाग बघतो. ही वही तिच्यापर्यंत कधी आलीच नव्हती.

भाऊचं काही चुकलं होतं, असं मला वाटत नाही. खाण्याच्या द्राक्षात तोडणी जवळ आली आणि भुरी दिसली तर आम्ही सल्लागार हेच सांगतो. इतर बुरशीनाशकांचे अवशेष युरोपच्या तपासणीत अडकतात, गंधकाची ती भीती नसते. घड धुऊन खाल्ला की विषय संपला. इथे मात्र साल तोंडात न जाता टाकीत जाते आणि आठवडाभर यीस्टच्या सहवासात राहते. सालीवरचा गंधक यीस्ट उचलतं आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड करून सोडतं, तोच हा वास. पांढऱ्या वाईनमध्ये गंधकाचा बराचसा भाग गाळाबरोबर तळाशी जातो, म्हणून चेनिनला काही झालं नव्हतं. रसायन ताईलाही पाठ होतं आणि मलाही. तिचा संशय नत्रावर गेला, कारण तिच्यासाठी गोष्ट टाकीपासून सुरू होत होती. मी तर वरच्या प्लॉटमध्ये तासभर उभा राहून आलो होतो. भुरीचे डाग काडीवर दिसतही होते. प्रश्न सुचला तो आबांना.

मग उपायांवर चर्चा रंगली. आधी रस हवेशी खेळवून टाकी बदलायची, वास बराचसा उडून जातो. त्यानेही भागलं नाही तर आंबवण संपल्यावर मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, अगदी सूक्ष्म डोस, लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात. तांबं त्या गंधकाला धरून तळाशी बसवतं. मोरचूद ऐकल्यावर पुन्हा गलका. मी सांगितलं की आपण डावणीला मारतो ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिलार्दे या प्राध्यापकाने मांडलं ते वाईनच्या बागांसाठीच. तात्यांचं म्हणणं पडलं, "म्हंजे हे आपल्यातलंच हाय की सगळं."

चाखण्याचा कार्यक्रम वरच्या ओट्यावर होता. खरं सांगायचं तर आमचे लोक वाईन चाखण्यात काही फार रमले नाहीत. चेनिनला "आंबूस हाय" म्हणाले. सोव्हिन्यॉंला कुणी कच्च्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो म्हणालं आणि ताई खूश झाली, कारण ते बरोबर होतं. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं बघून एकाने विचारलं, "थुंकायचीच तर घ्यायची कशाला?" आबांना काकूंनी घरातून ताक आणून दिलं.

मागच्या हंगामातली कॅबर्ने आली तेव्हा अण्णांनी ग्लास घेतला. बराच वेळ नुसता फिरवला. एक घोट घेतला, थुंकले नाहीत.

"माझ्या मालाची वाईन मी कधी चाखलीच न्हाई," ते म्हणाले. "ट्रॅक्टर गेटवर लावायचा, वजनाची पावती घ्यायची आन् माघारी यायचं. आत काय करत्यात कुणी दावलं न्हाई."

मग त्यांनी काकांना सरळ विचारलं, बाहेरच्या शेतकऱ्याचा माल घेता का आणि मंदी आली तर त्याचं काय करता. काकांनी आडवळण घेतलं नाही. २००९ नंतर त्यांनीही अर्धी बाग काढली होती. आता शेजारच्या दोनच घरांकडून घेतात, तेही स्वतःच्या बाटल्या किती खपतील ते बघून, आणि तोडणीआधी निम्मे पैसे देतात. "जास्त घेतलं असतं तर आज मीही कुणाचे तरी पैसे बुडवून बसलो असतो," ते म्हणाले. अण्णांनी मान हलवली. परत वाईन लावणार का, असं मी गाडीत विचारलं तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

खरड छाटणीच्या धांदलीत ताईचा फोन आला. टाकी बदलल्यावर वास निम्म्याहून कमी झाला, बाकीचा मोरचुदाने गेला. वाईन स्वतंत्रपणे बाटलीत भरण्याइतकी शुद्ध झाली नाही, पण दुसऱ्या लाल वाईनमध्ये मिसळता येईल. शिराझला तोडणीआधी सव्वा महिना गंधक बंद, असं तिने भावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्या काळात भुरी आली तर काय मारायचं, हे तिला माझ्याकडून हवं होतं. मी वेळापत्रक करून पाठवलं.

नंतर कळलं की ते वेळापत्रक तिने आबांनाही फोनवर वाचून दाखवलं, आणि आबांनी त्यातल्या दोन फवारण्या खोडल्या.