साडेबाराला गायब झालेली सावली

अकरावीच्या सुट्टीत, मे महिन्यात, मी आणि दादा पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर फूटभर पीव्हीसी पाइप उभा करून बसलो होतो, शून्य सावली, म्हणजे उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तो क्षण, बघायला. नाशिक २० अंश उत्तरेला, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो (जुलैतही येतो पण तेव्हा ढग). बारा वाजले तरी सावली होतीच, चांगली दोन बोटं, मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. आणि मग १२:३१ ला ती पाइपाखाली शिरली, आत डोकावलो तर थेट तळापर्यंत ऊन, अंगावर काटाच आला!

आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतं, नाशिक त्याच्या पश्चिमेला, ७३.८ च्या आसपास, सूर्याला दर अंशाला ४ मिनिटं लागतात, म्हणजे तो आमच्या डोक्यावर ३५ मिनिटं उशिरा येणार. पण मग १२:३५ व्हायला हवे होते ना? त्या चार मिनिटांनी दोन दिवस डोकं खाल्लं, आणि माझ्यासाठी विज्ञान म्हणजे तेच, मार्कांचा काही संबंध नाही. शेवटी सापडलं, पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे होतो, मेमध्ये पुढे. दादाला झोपेतून उठवून सांगितलं.