चाळीस शिक्के

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यात ‘चाळीस फज्र’ सुरू केलं. सलग चाळीस दिवस पहाटेची नमाज जमाअतीने, म्हणजे सगळ्यांसोबत, पढेल त्या मुलाला सायकल. अशी बक्षिसं शहरांतून बऱ्याच मशिदी देतात, कल्पना तिथूनच उसनी घेतली. मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात मकतबात, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, शिकवतो. नमाजाच्या शेवटचा सलाम फिरवला की बांगी, म्हणजे अजान देणारा, प्रत्येकाच्या कार्डावर शिक्का मारायचा.

सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी सबक (धडा) ऐकवून झाल्यावर अकरा वर्षांचा एक पोरगा रेहल, म्हणजे कुराण ठेवायची घडीची चौकट, मिटून तसाच बसून राहिला. म्हणाला, “हाफिजसाब, तीन शिक्के माझे नाहीत.” पावसात उठवलं नाही, म्हणून चुलतभावाने गर्दीत दोन कार्डं पुढे केली होती.

रात्री कमिटीत एकाने हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, काढली: सातव्या वर्षी नमाज सांगा, दहाव्या वर्षी नाही पढला तर मारा. अहो, पण सात ते दहा ही तीन वर्षं नुसतं सांगत राहायची आहेत, ते छडी उचलणाऱ्याला कधीच आठवत नाही. शिवाय हा तर स्वतःहून कबूल झाला होता. दुसरे म्हणाले, जुम्याला, शुक्रवारच्या नमाजाला, माइकवर नाव घ्या. पोराच्या वडिलांचा कुवेतहून फोन आला: “चामडं तुमचं, हाडं आमची.”

हाच पोरगा सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. तिथे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याच्यावर हात उचलता येत नाही. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्या कायद्यातून वगळल्या. तळहात मात्र तोच.

मी इमाम गझाली या जुन्या इस्लामी विद्वानांचं सांगितलं: मुलाची पहिली चूक झाकावी, पुन्हा केली तर एकट्यात बोलावं, आणि सारखं बोलू नये, नाहीतर शब्द लागायचे बंद होतात. माइकचा विषय तिथे संपला. इतिहासकार इब्न खल्दूनने 1377 साली ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात लिहिलंय की धाकात वाढलेलं मूल खोटं आणि कपट शिकतं. ते मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. हिफ्जला, म्हणजे कुराण तोंडपाठ करायला, असताना सबक पाठ नसला की माझ्या पोटात दुखायचं.

पण इथे छडी कुठे होती? या पोराला खोटं शिकवलं ते आमच्या सायकलीने. ‘अमल नियतवर अवलंबून’, म्हणजे कर्माचं मोल हेतूवर, ही हदीस मीच त्यांच्याकडून घोकून घेतो, आणि कार्डंही मीच छापून आणली होती.

त्याचे तीन शिक्के मी खोडले, कुणाला न सांगता. चुलतभावालाही एकट्यात गाठलं. सायकल गेली हे कळूनही पोरगा उरलेले दिवस आला. एकूण नऊ सायकली वाटल्या, फोटो झाले. एकेचाळिसाव्या पहाटे नमाजाच्या रांगेत, सफेत, दोनच मुलं होती. तो नव्हता.

यंदाचे पैसे कुवेतहून आलेत. कार्डं मी अजून छापायला टाकलेली नाहीत.