कौले गेली, धूर राहिला

गुहागर तालुक्यातील आमचे जुने घर कौलारू होते. भिंत आणि वासे यांच्यामध्ये हातभर फट असे, आणि तिन्हीसांजेला आजीने माजघरात घातलेली कडुनिंबाची धुरी थोड्याच वेळात त्या फटीतून वर निघून जात असे. सहा वर्षांपूर्वी त्याच जोत्यावर आम्ही स्लॅबचे घर बांधले आणि खिडक्यांना सरकत्या काचा बसवल्या. धुरीऐवजी कॉइल आली. धूर बाहेर पडायला मात्र वाट उरली नाही.

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला महिनाभर हटला नाही. औषधे बदलून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "काकू, रात्री खोलीत काय जाळता?" आई म्हणाली, "काही नाही हो, डासांची कॉइल तेवढी." आपण सगळेच कॉइलला 'काही नाही' या सदरात टाकतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

कॉइलमध्ये कीटकनाशक अगदी थोडे असते. बाकीचा भाग म्हणजे लाकडाचा किंवा करवंटीचा भुगा आणि तो धरून ठेवणारा डिंक, आणि रात्रभर धुमसतो तो मुख्यतः हाच भाग. चीन आणि मलेशियातील कॉइलवर झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे २.५ मायक्रॉनहून बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले. हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके असल्यामुळे नाकात अडकत नाहीत, ते थेट फुफ्फुसात खोलवर जातात. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या धुराने त्याचा फारसा बंदोबस्त होत नाही.

जुन्या घरातील हवा निर्मळ होती, असे मी म्हणणार नाही. चुलीपुढे जन्म काढलेल्या आमच्या आजीचा दमा मी पाहिलेला आहे. पण तो धूर डोळ्यांना झोंबत असे, म्हणून लक्षात तरी येई. आजचा धूर सुगंधी असतो आणि दार लावून घेतलेल्या खोलीत आपण त्याच्याजवळ निर्धास्त झोपतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना वाटते, हवा बदलते आहे. प्रत्यक्षात नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतील तीच हवा थंड करून पुन्हा सोडतो.

त्यात आपला पाऊस! रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि चार महिने ओले कपडे खोलीतल्याच दोरीवर वाळतात. त्यांतील ओलावा खोलीतच राहून भिंतीत मुरतो, कपाटामागे बुरशी धरते, आणि दमेकऱ्यांना तिचा त्रास होतो.

डांबरगोळ्यांबद्दल तर मला फार कळकळीने सांगायचे आहे. आपल्याकडे बाळाला आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळण्याची मायेची रीत आहे, पण ते लुगडे अनेकदा गोळ्या घातलेल्या ट्रंकेतून निघते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतील नॅफ्थलीन या रसायनामुळे फुटू शकतात आणि त्याला गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या कधीही ठेवू नयेत.

आता आई मच्छरदाणीत झोपते. खिडक्यांना बारीक जाळी बसवली आहे, आणि परसातील करवंट्या व फ्रिजमागचा ट्रे दर आठवड्याला रिकामा होतो, कारण अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवसच लागतात. दिवाळीनंतर गवंडी बोलावून स्लॅबच्या खाली समोरासमोर दोन झरोके पाडून घेतले. त्यांना काच बसवायची नाही, ही अट आईने स्वतःच घातली.