ध्वजस्तंभ, कप्पी आणि सुरगाठ

शाळेबद्दल लिहा म्हटलं की सगळे सरांच्या छडीबद्दल लिहिणार, म्हणून मी आपला झेंड्याच्या खांबाबद्दल लिहितो. आमच्या ९२च्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना फिजिक्स जे काय समजलं ते त्या खांबाखालीच.

खांब म्हणजे काय तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचे तीन तुकडे, खाली जाड, वर बारीक. वाऱ्याने झेंडा ओढला की सगळा ताण बुडाशी येतो, म्हणून बूड जाड, हे पीटीच्या सरांनी सांगितलेलं. ओट्यात दोन लोखंडी चॅनल उभे गाडलेले आणि त्यांच्यामध्ये खांब, दोन बोल्टवर. वरचा बोल्ट काढला की खालच्या बोल्टवर अख्खा खांब बिजागरीसारखा आडवा व्हायचा. दरवर्षी ऑगस्टच्या आधी शिपाईमामा आणि आम्ही दहा-बारा पोरं तो खाली घ्यायचो, कप्पीला ग्रीस, पाइपला चंदेरी रंग, आणि रंग आमच्या चड्ड्यांनाही.

१५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा आणि २६ जानेवारीला वर बांधून ठेवलेला नुसता उलगडायचा, हा फरक सर अगदी कटाक्षाने पाळायचे. चढवताना भरभर, उतरवताना सावकाश, हा नियमच आहे. पण १५ ऑगस्टला आमच्याकडे हमखास पाऊस, दोरी सुती, ती भिजली की फुगायची आणि कप्पीच्या खाचेत अडकायची. एका वर्षी झेंडा अर्ध्यातच थांबला, पाहुणे ओढतायत, बॅन्डवाले वाजवतायत, शेवटी मामांनी दोरी थोडी उलटी सोडून झटका दिला तेव्हा गेला वर!! पुढच्या वर्षी नायलॉनची दोरी आली.

२६ जानेवारीची खरी परीक्षा म्हणजे गाठ. झेंड्याच्या कडेतल्या दोरीला वर लाकडी गुल्ली असते, ती खांबाच्या दोरीच्या फासात अडकवायची, म्हणजे केशरी बाजू वरच राहते, मग घडी घालून आत झेंडूच्या पाकळ्या आणि वरून सुरगाठ. निरगाठ बसली की संपलं, कितीही ओढा. सर आदल्या संध्याकाळी जुन्या टॉवेलवर प्रॅक्टिस करून घ्यायचे. उरलेली दोरी खांबावरच्या हुकाला आठच्या आकड्यात गुंडाळायची, ते मी अजून टेम्पोवर ताडपत्री बांधताना करतो.

दहावीत समरूप त्रिकोण आले तेव्हा गणिताच्या बाईंनी मीटरपट्टी उभी करून दोन्ही सावल्या मोजायला लावल्या आणि खांबाची उंची काढली. आणि कप्पी स्थिर असेल तर जोर कमी लागत नाही, फक्त दिशा बदलते, हे दोरी ओढलेल्या पोराला वेगळं पाठ करावं लागलं नाही.

आता सगळीकडे उंचच उंच खांब झालेत, कोल्हापूरचा ३०३ फुटी बघितला, भारी आहे. तेवढ्या उंचीवर वारा कापड फाडतो, झेंडे सारखे बदलावे लागतात. जुलै २०२२ पासून रात्रीही झेंडा ठेवता येतो, त्यामुळे सूर्यास्ताला उतरवायची मामांची धावपळ आता कुठे राहिली म्हणा.

सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी नवीन स्टीलचा खांब देणार आहेत असं कळलं, मीही वर्गणी देतोय. कमिटीला एकच विनंती, दोरी पाइपच्या आतून जाते आणि हँडल फिरवलं की झेंडा वर, तसलं मॉडेल घेऊ नका. दोरी आणि कप्पी बाहेरच असू द्या, पोरांना दिसली पाहिजे. आणि खाली घेता येईल असा बोल्टवाला बेस घ्या, नाहीतर ग्रीस लावायला वर कोण चढणार?