तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धी फी सरकारनं भरली, तरी तक्रार का?

"तुम्ही स्वतः कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलात. मुलीची अर्धी ट्यूशन फी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून भागली. मग सरकारनं शिक्षणावर खर्च जाहीर केला की तुमच्याच कपाळाला आठ्या का?" लग्नकार्यात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगनंतर हेच ऐकून कान किटले. एकदा नीट सांगतो.

शिक्षणावर खर्च करू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. सरकारी कॉलेज नसतं तर माझ्या वडिलांना मला इंजिनिअर करणं झेपलंच नसतं. माझं भांडण आहे ते पैसा कुठून निघतो, कुठे पोचतो आणि वाटेत कोण ताटकळतं, यावरून.

2004 साली आयकरावर 2 टक्के शिक्षण उपकर लागला. ऑफिसात कुरकुर चालायची तेव्हा मीच म्हणायचो, "पोरांच्या शाळेसाठी जातोय, जाऊ द्या." 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावानं आणखी 1 टक्का आला. पुढे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात आलं की 2016-17 पर्यंत या 1 टक्क्यातून 83 हजार कोटींहून जास्त जमा झाले, पण ते ज्यात वेगळे ठेवायचे तो निधीच उभा केलेला नव्हता. 2018 पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून 4 टक्के. बरं, उपकरातून केंद्राला राज्यांचा वाटा काढावा लागत नाही, आणि इथली शिष्यवृत्ती द्यायची ती राज्याच्या तिजोरीतून.

ती तिजोरी कशी चालते ते मी मुलीच्या कॉलेजच्या खिडकीवर पाहिलं. खासगी, विनाअनुदानित कॉलेज. ती पास झाली, हिंजवडीतल्या कंपनीत सोमवारी रुजू व्हायचं होतं, मूळ कागदपत्रं बरोबर आणा म्हणून सांगितलेलं. ना-देय प्रमाणपत्रावर लायब्ररी, लॅब, वर्कशॉप, सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिला लेखा विभागाचा शिक्का. खिडकीतल्या क्लार्कनं महाडीबीटीचं, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं, पान उघडून स्क्रीन आमच्याकडे वळवली. अर्ज मंजूर. पैसे आलेले नाहीत. "काका, सरकारचा हप्ता येईपर्यंत शिक्का मारता येत नाही. तुम्ही आत्ता भरा, हप्ता आला की तो तुमचाच."

मी आवाज चढवला. शासनानं मंजूर केलेली रक्कम माझ्या मुलीची थकबाकी कशी होते, म्हणून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "आमचेच पगार चार महिने झाले नाहीत." यावर काय बोलणार? मुलगी शेजारी प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून उभी होती, रडत नव्हती, फक्त "बाबा, हळू" म्हणत होती. मी बायकोला फोन लावला. तिनं पाटल्या काढून पतसंस्थेत ठेवल्या, संध्याकाळच्या आत पैसे भरले, शिक्का पडला. हप्ता नंतर आला, बुडाला नाही. मधल्या काळाचं व्याज मात्र आमचं. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाला आयकरात 80ई खाली सूट होती. सोनं तारण ठेवून भरलेल्या फीच्या व्याजाला कसली सूट? सरकारनं दिलेल्या शब्दासाठी माझ्या बायकोनं कर्ज काढलं, हे मला आजही बोचतं.

तेव्हापासून आकड्यांकडे बघायची सवय लागली. फी नियामक प्राधिकरण कॉलेजचा खर्च बघून फी ठरवतं. म्हणजे खर्च वाढला की फी वाढते. निम्मा भार सरकार उचलतंय म्हटल्यावर पालक मूळ आकड्यावर भांडत नाही. मीही चार वर्षांत कधी भांडलो नाही. 2024 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची पूर्ण ट्यूशन फी सरकारकडे गेली. चांगलंच झालं. पण आता त्या घरात फीचा आकडा विचारणार कोण? आणि तिकडे सरकारी, अनुदानित कॉलेजांत जागा भरायच्या सोडून तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं पैसे घेऊन, तरुण पोरं शिकवतायत.

एक खरं सांगतो, हे सगळं लिहिताना तिशीतला मी मध्येच उठून वाद घालतो. 1983 मध्ये मुख्यमंत्री असताना वसंतदादा पाटलांनी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली नसती तर आमच्या भागातली पोरं डोनेशन भरून शिकायला कर्नाटकातच जात राहिली असती, असं मी तेव्हा तावातावानं सांगायचो. तो मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. सरकारनं फक्त स्वतःची कॉलेजं काढावीत म्हणावं, तर तेवढी ते काढणार कधी?

मुलीचं मत याहून वेगळं. परवा तिच्या पगाराच्या स्लिपवर उपकर कापलेला दाखवून मी सुरू झालो, तर म्हणाली, "बाबा, उशिरा का होईना, माझी अर्धी फी आली ना? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्याच्याशिवाय आल्याच नसत्या." मी म्हटलं, मग वेळेवर का नाही? ती म्हणाली, तेवढ्यापुरतं भांडा, योजनेला नावं ठेवू नका. मला ते दोन वेगळे करता येत नाहीत.