माळ्यावरचे तीन सर्व्हर

स्वारगेटहून सकाळची चिपळूण गाडी धरली तेव्हा सामानात दोन दिवसांचे कपडे, छत्री आणि ६४ जीबीचा पेनड्राईव्ह एवढंच होतं. राहिले मात्र चार दिवस. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि महिनाभर फोनवर त्याचं एकच पालुपद चाललं होतं, "आत्या, मशिनं सुरू होतात, पण एकमेकांना दिसतच नाहीत." घरच्या कॉम्प्युटरवर त्याला तीन व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले तीन कॉम्प्युटर, हवी होती. एकावर वेब सर्व्हर, दुसऱ्यावर डेटाबेस आणि तिसरं त्या दोघांना छळायला. फोनवरून समजावण्यात माझे दोन रविवार गेले. शेवटी म्हटलं, येतेच.

उंब्रजला हायवे सोडला की पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. घाटात फोनची रेंज गेली ती पोफळी आली तरी धड परतली नव्हती. तेव्हा गावाकडे जाऊन हा उद्योग करणार असाल तर जे डाउनलोड करायचं ते निघण्याआधीच करून घ्या. मी व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, उबुंटू सर्व्हर या लिनक्सची आयएसओ फाईल (अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एका फाईलीत) आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सची छोटी नेटइन्स्ट फाईल घेतली होती. उबुंटूची फाईल अडीच-तीन जीबीची असते. डेबियनची एक जीबीच्याही आत असते, पण त्या लहानपणावर जाऊ नका, उरलेलं सगळं ती इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते. चेकसम, म्हणजे फाईल अख्खी उतरली का हे सांगणारा ओळख-आकडा, जुळवून मगच पेनड्राईव्ह खिशात टाका. अर्धवट उतरलेली फाईल इन्स्टॉलेशन ऐन रंगात आल्यावर दगा देते.

दादाचा कॉम्प्युटर माळ्यावर आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आधीचा कॉम्प्युटर खालच्या खोलीत होता, तो गेला. नवा घेतला तो थेट वर चढवला. राउटर मात्र खाली टीव्हीपाशी, मध्ये लाकडी जिना, आणि वरपर्यंत येतं ते वायफाय. ही मांडणी लक्षात ठेवा, माझा अर्धा दिवस पुढे तिनेच खाल्ला.

आठ जीबी रॅम, चार कोअरचा प्रोसेसर, विंडोज, आणि एसएसडी. एसएसडी नसती तर मी त्याच पावली परत फिरले असते. तीन मशिनं एका जुन्या हार्डडिस्कवर चालवणं म्हणजे एका नळावर तीन हंडे लावणं. पहिलं काम टास्क मॅनेजर उघडण्याचं. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन' अशी ओळ दिसते, ही व्हर्च्युअल मशिनांसाठीची प्रोसेसरची खास सोय, तिथे 'एनेबल्ड' असायला हवं. नसेल तर कॉम्प्युटर बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरायचं. इंटेलच्या बोर्डावर व्हीटी-एक्स किंवा तत्सम नाव सापडेल, एएमडीच्या बोर्डावर बहुतेक एसव्हीएम. एएमडीवाले लोक 'व्हर्च्युअलायझेशन' शब्द शोधत बसतात आणि तो तिथे नसतोच.

इथे ते सुरू होतं. तरी पहिलं मशीन उभं केलं तर ते असं रांगायला लागलं की लॉगिनची ओळ दिसेपर्यंत वहिनीचा चहा वर आला. भाच्याने खिडकीच्या तळाशी बोट दाखवलं. "आत्या, हे कासव कशाला?"

हिरवं कासव. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत ते दिसलं तर समजायचं की प्रोसेसरची ती खास सोय विंडोजच्या हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने, आधीच स्वतःकडे घेतलीय आणि आपलं मशीन तिच्या मागे रांगेत उभं आहे. भाच्याने कॉलेजच्या कामासाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवलं होतं, त्यासोबत 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' चालू झाला होता. विंडोज फीचर्समध्ये जाऊन तो आणि 'विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म' अशा दोन्ही खुणा काढल्या. विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' असते, तीही बंद केली. रीस्टार्ट केल्यावर कासवाच्या जागी नेहमीचं चिन्ह आलं. याची किंमत मोजावी लागते. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती तोवर चालत नाही, आणि मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. ज्या कॉम्प्युटरवर घरातल्यांचं बँकेचं काम चालतं तिथे मी कासव सहन करीन. दादा बँकेचं काम मोबाईलवर करतो, म्हणून धाडस केलं.

मशीन बनवताना आणखी एक खड्डा आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आयएसओ फाईल दाखवली की ते आपल्या मनाने 'अनअटेंडेड' इन्स्टॉलेशन करायला निघतं आणि वापरकर्त्याचं नाव-पासवर्डही स्वतःच ठरवून टाकतं. शिकायला बसला असाल तर 'स्किप'ची खूण करा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः द्या. दोन जीबी रॅम आणि २० जीबीची, लागेल तशी वाढणारी डिस्क देऊन इन्स्टॉल केलं, नंतर रॅम एक जीबीवर आणली. ग्राफिकल डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरला तेवढी पुरते. डेबियनवाल्या तिसऱ्या मशिनाने तर ५१२ एमबीत संसार केला. त्या वाढणाऱ्या डिस्कबद्दल एक सांगते, ती वाढते पण आपोआप आकसत नाही. आतली फाईल पुसली म्हणून बाहेरची जागा लगेच परत मिळेल असं धरून चालू नका.

आता मुख्य दुखणं. मशिनं एकमेकांना दिसत का नव्हती?

व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशिनाला न विचारता नॅट नावाची नेटवर्क जोडणी लावतं. नॅट म्हणजे दारवान बसलेला वाडा. आतला माणूस बाहेर जाऊन भाजी आणू शकतो, पण बाहेरून कुणी हाक मारली तर दारवान दाद देत नाही. इथवर भाच्याला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात ठळक नव्हतं ते पुढचं. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशिनाला वेगळा वाडा बांधून देतं, आणि प्रत्येक वाड्यातल्या माणसाचा पत्ता एकच असतो, १०.०.२.१५. भाचा महिनाभर पहिल्या मशिनातून १०.०.२.१५ ला पिंग, म्हणजे नेटवर्कवरची हाक, मारत होता आणि उत्तर येतंय म्हणून खूश होत होता. तो स्वतःलाच हाक मारत होता.

त्याने यावर 'ब्रिज्ड' हा उपाय वाचला होता, आणि खरं तर माझाही हात आधी तिकडेच गेला. पुण्यात घरी माझा कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडलेला आहे. तिथे ब्रिज्ड निवडलं की मशीन थेट राउटरकडे पत्ता मागतं आणि घरातल्या इतर उपकरणांसारखं नांदू लागतं. चिपळूणला पत्ताच मिळेना. मशीन बंद-चालू केलं, राउटर बंद-चालू केला, खाली जाऊन दादाच्या मालिकेत व्यत्यय आणला. दुपारचं जेवण झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. वायफायवर जोडलेल्या उपकरणाने आपल्या एकाच मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाने) बोलायचं असा रिवाज आहे. त्याच्या पाठीमागून दुसरा, तिसरा पत्ता डोकावू लागला तर राउटर सहसा दाद देत नाही. व्हर्च्युअलबॉक्स पत्त्यांची अदलाबदल करून हे सांभाळायचा प्रयत्न करतं. कधी जमतं, कधी नाही. आमच्या त्या वायफाय डोंगलवर नाही जमलं. जिन्यावरून केबल आणली असती तर जमलं असतं, पण वहिनीने जिन्याकडे एकदाच बघितलं आणि तो विषय तिथेच संपला.

आणि ते बरंच झालं. माझं आता ठाम मत आहे की शिकण्यासाठीची लॅब घराच्या नेटवर्कवर टांगू नये. राउटर बदलतो, वायफाय जातं, भाचा उद्या हॉस्टेलला जाईल, तिथले पत्ते वेगळे असतील. दरवेळी सगळी मशिनं नव्याने जुळवत बसायचं का? प्रत्येक मशिनाला दोन नेटवर्क कार्डं द्या. पहिलं नॅट, म्हणजे अपडेट वगैरे ओढायला बाहेरची वाट. दुसरं होस्ट-ओन्ली, म्हणजे मशिनं आणि विंडोज यांच्यातली खाजगी गल्ली. या गल्लीत विंडोजचा पत्ता मुळात १९२.१६८.५६.१ असतो आणि राउटर असो-नसो, तो तसाच राहतो. 'नॅट नेटवर्क' नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात एकाच वाड्यात सगळे भाडेकरू राहतात. पण मग विंडोजमधून आत शिरायला पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे कुठली हाक कुणाकडे पोचवायची ते दारवानाला सांगण्याचा, व्याप करावा लागतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

दुसरं कार्ड लावून मशीन सुरू केलं तर ईएनपी०एस८ हे नाव दिसत होतं, पुढे 'डाउन'. घाबरू नका. उबुंटू इन्स्टॉल करताना ते कार्ड नव्हतं, म्हणून नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूची नेटवर्कची मांडणी ठेवणाऱ्या, फाईलीत त्याची नोंदच नाही. नोंद आपण करायची. यामल नावाच्या पद्धतीने लिहिलेली फाईल आहे, टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. बदल लागू करताना 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. काही बिनसलं आणि तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही, तर १२० सेकंदांत ते जुनी मांडणी परत आणतं.

पहिलं मशीन जमल्यावर दुसरं नव्याने इन्स्टॉल करायचा कंटाळा आला म्हणून पहिल्याचंच क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, केलं. मॅक पत्ते नवे घ्यायला सांगितलं होतं, तपासूनही पाहिलं. ०८:००:२७ ने सुरू होणारे दोन निराळे पत्ते होते. दोन्ही मशिनं सुरू केली.

"आत्या, दोघांनाही १०१ आलाय बघ."

खरंच, दोघांना १९२.१६८.५६.१०१. हा गुंता मला पूर्वी ऑफिसात एकदा भेटला होता म्हणून सुटला, नाहीतर रात्र गेली असती. उबुंटू सर्व्हर पत्ता मागताना स्वतःची ओळख मॅक पत्त्यावरून सांगत नाही, ईटीसी फोल्डरातल्या 'मशीन-आयडी' या फाईलीवरून तयार केलेली सांगतो. क्लोनमध्ये ती फाईल जशीच्या तशी आली. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या लेखी एकच गिऱ्हाईक दोनदा आलं, त्याने तोच पत्ता दिला. क्लोनमधली ती फाईल रिकामी करायची, पुसायची नाही, आणि मशीन रीस्टार्ट करायचं. नवी ओळख तयार होते. एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करायची सोय, तिच्या मशिनाची ओळख पटवणाऱ्या होस्ट किल्ल्याही जुळ्या असतात, त्याही नव्या करून घ्या.

त्यानंतर आम्ही कायमचे पत्ते लावले, शेवटी ११, १२ आणि १३. होस्ट-ओन्लीचा डीएचसीपी १०१ पासून वाटतो, म्हणून त्याच्या खालचे घेतले. इथे भाच्याने हौसेने या कार्डालाही गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, लिहिला, १९२.१६८.५६.१, आणि मशिनाचं इंटरनेट बंद पडलं. बाहेर जायच्या दोन वाटा झाल्या, लिनक्सने नवी पसंत केली, आणि ती वाट विंडोजपाशी येऊन संपते. होस्ट-ओन्ली कार्डाला गेटवे द्यायचा नाही. मी त्याला ती ओळ खोडायला लावली आणि वहीत लिहूनही घ्यायला लावली.

एवढं होऊनही मशिनातून विंडोजला पिंग जाईना. विंडोजमधून मशिनाला मात्र व्यवस्थित जात होतं. हा दोष नेटवर्कचा नाही, विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला मुळातच उत्तर देत नाही. नेटवर्क जुळलंय का हे बघायचं असेल तर विंडोजकडून मशिनाकडे पिंग करा, किंवा सरळ एसएसएच करून बघा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला आणि वीज गेली. इन्व्हर्टर खालच्या मजल्यापुरता आहे, माळ्यावर अंधार. वीज आल्यावर पहिलं मशीन मुकाट सुरू झालं, दुसरं मात्र काळ्या पडद्यावर फाईलसिस्टम तपासा म्हणून अडून बसलं. भाच्याचा चेहरा पडला. त्यात डेटाबेस होता. दुपारी मी सक्तीने स्नॅपशॉट, म्हणजे मशिनाच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यायला लावला होता, तो परत आणला, मिनिटभरात मशीन दुपारी होतं तिथे आलं. मधलं दोन तासांचं काम गेलं, ते त्याने रात्री पुन्हा केलं. गावी असाल तर मोठ्या प्रत्येक बदलाआधी स्नॅपशॉट घ्या. मात्र त्यांची माळ लावत बसू नका, प्रत्येक स्नॅपशॉट डिस्क खातो. दोन दिवसांत जुना काढून टाकावा.

चौथ्या दिवशी सकाळी वेब सर्व्हरचं पान डेटाबेसमधली नावं दाखवू लागलं. भाच्याने खाली जाऊन राउटरच बंद केला, धावत वर आला आणि पान पुन्हा उघडलं. उघडलं. तेवढ्यात खालून दादाचा आवाज, "नेट कुणी घालवलं?"

परतीच्या गाडीत पाटणच्या आसपास रेंज आली तेव्हा त्याचा मेसेज वाट बघत होता. चौथं मशीन करतोय, रॅम पुरत नाही, पुढच्या वेळी येताना एक पट्टी आणशील का? मी कळवलं, आधी कॉम्प्युटर उघडून आतल्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो पाठव. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. आणि तोवर क्रोम बंद ठेव.