तुम्ही विचारलंत म्हणून: वेळ वाचतो का?

"मॅडम, तुम्ही एआयवर कृतिपत्रिका बनवता म्हणे. किती वेळ वाचतो?" आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. मागच्या पालकसभेत एका आजोबांनीही विचारला. दरवेळी गडबडीत "वाचतो थोडा" म्हणून मोकळी होते, आणि ते खरं नसतं. म्हणून आज नीट सांगते.

मी नागपुरात, महाल भागाच्या बाजूला, एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. वर्गात एकतीस मुलं आहेत. माझी संध्याकाळ आजही तेवढीच लागते. पूर्वी ती पट्टी-पेन्सिल घेऊन चौकटी आखण्यात आणि जुन्या स्वाध्यायातले आकडे बदलून नवी गणितं मांडण्यात जायची. आता ती वह्या वाचण्यात जाते. वह्या तपासण्यात म्हणत नाही मी. बरोबर-चूक करून सही ठोकणं वेगळं, आणि पोरानं असं काऊन लिहिलं असेल म्हणून त्या पानाशी बसणं वेगळं.

जुलैमधली गोष्ट. संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. एका मुलीनं एकोणसत्तरला ७९ लिहिलं, एकोणचाळीसला ४९, एकोणऐंशीला ८९. आधी वाटलं, लक्ष नाही हिचं. पण तीनही चुका एकाच जातीच्या होत्या. तिला 'सत्तर' ऐकू येत होतं म्हणून ती आधी सात मांडायची, आणि 'एकोण' आलं की शेवटी नऊ असतो हेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे नियम तिनं स्वतःच काढला होता, फक्त 'एकोण' म्हणजे 'एक कमी' हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या वह्या काढल्या तर आणखी आठ जणांचं तेच.

नऊ मुलांसाठी वेगळा सराव हाताने लिहायचा तर मी तो पुढे ढकलला असता, हे प्रामाणिकपणे सांगते. पूर्वी ढकललेही आहेत. त्या रात्री मी एआयला त्या मुलीची चूक जशीच्या तशी लिहून दिली: चौथीतली मुलगी एकोणसत्तरला ७९ लिहिते, कारण तिला वाटतं की जे दशक ऐकू येतं तेच लिहायचं, याच एका गोष्टीवर चाळीस प्रश्न दे, सोप्याकडून अवघडाकडे. शिवाय तीन रकाने मागितले: ६९, साठ नऊ, एकोणसत्तर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायच्या पद्धतीचं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. मला विचाराल तर ती पद्धत मुलांच्या फार कामाची आहे. 'साठ नऊ' म्हटलं की आकडा डोळ्यांसमोर येतो, आणि मग एकोणसत्तर हे त्याचंच घरातलं नाव म्हणून शिकवता येतं.

मिनिटाभरात चाळीस प्रश्न आले. त्यातले सव्वीस ठेवले. दोन ठिकाणी 'उनहत्तर' आणि 'उनासी' होतं, म्हणजे हिंदी शिरलं होतं. हे यंत्र शिकतं ते लिहिलेल्या मजकुरावरून. त्यात इंग्रजी अफाट आणि मराठी कमी, वर हिंदीचीही लिपी देवनागरीच, त्यामुळे ही सरमिसळ वारंवार होते. नागपुरात तर आमच्या पोरांच्या बोलण्यात हिंदी आधीच आहे, कागदावर ती चुकून गेली तर पोरांना तीच बरोबर वाटेल. आणखी एक सापडलं: ९९ च्या समोर 'एकोणशंभर'. मराठीत नव्व्याण्णव आहे, पण एकोणनव्वदपर्यंतच्या रीतीनं चालत गेलं की एकोणशंभरच येणार. ती चूक मी खोडली नाही. फळ्यावर लिहिली आणि विचारलं, हे बरोबर आहे का? पाच सेकंद वर्ग गप्प. मग मागून आवाज आला, "असं कोणी म्हणते का मॅडम!" कोणी म्हणत नाही, पण असं का म्हणावंसं वाटलं असेल, यावर पूर्ण तास गेला. त्या तासाचं टाचण, म्हणजे पाठाची आखणी, मी आधी लिहिलेलं नव्हतं.

प्रत्येक वेळी चूक मला सापडतेच असं नाही. फेब्रुवारीत अपूर्णांक चालू होते. मृग बहाराची संत्री बाजारात होती, म्हणून उदाहरणं संत्र्यांवर मागितली. एक आलं: एका संत्र्याला दहा फोडी आहेत, त्यातल्या तीन खाल्ल्या, तर किती भाग खाल्ला? दोनदा वाचून मी झेरॉक्सला दिलं. वर्गातल्या एका मुलाचे वडील कळमना मार्केटला, फळबाजारात, हमाली करतात. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "फोडी सारख्या नसते मॅडम. अन् दहाच कशा?" दुसऱ्या दिवशी सहा संत्री नेली, सोलली, मोजली. कशात दहा, कशात अकरा, एकात नऊ, आणि एक फोड तर करंगळीएवढी. अपूर्णांकाचा पायाच समान भागांचा, आणि मी त्यांना असमान भाग देऊन बसले होते. पुढचं उदाहरण संत्रा बर्फीच्या थाळीचं केलं, सुरीनं सारख्या वड्या पाडलेल्या. त्या मुलाचं बोलणं मी एआयलाही लिहून दिलं, आणि तेव्हापासून अपूर्णांकाचं काहीही मागताना 'भाग समान आहेत हे वस्तू पाहून कळलं पाहिजे' ही अट पहिल्या ओळीत असते.

भाषेबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी मी छोट्या गोष्टी लिहून घेते. आलेल्या गोष्टीत आजी नातवाला म्हणते, "बाळा, तू काय करीत आहेस?" आमच्या गल्लीत कोणाची आजी असं बोलत नाही. मी तिथं लिहिलं, "काय करून राहिला रे?" अडखळत वाचणारा एक मुलगा त्या ओळीशी आला, थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात वाचून गेला. ती ओळ त्याच्या कानात आधीपासून होती, फक्त छापलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. आपली नागपुरी बोली लिखाणात फार थोडी आहे, म्हणून यंत्राकडेही ती थोडीच पोचली आहे. ती आपल्यालाच घालावी लागते. प्रमाण मराठीही शिकवायचीच, पण वाचनाची पहिली पायरी घरच्या बोलीची असावी. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याला जोडून निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, उताऱ्याचं तसंच. यंत्रानं मिरवणूक पोळ्याच्याच दिवशी काढली होती. ती दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघते, हे माझ्या वर्गातलं कुठलंही पोरगं सांगेल. काळी मारबत, पिवळी मारबत आणि बडग्यांचे पुतळे त्यानं पाहिलेले असतात.

चित्रांच्या तक्त्यांवर अक्षरं मी हातानंच लिहिते, कारण यंत्राच्या चित्रात जोडाक्षरं बरेचदा मोडतात. नकाशा तर काढून घेतच नाही, सीमा चुकतात.

आजोबांचा दुसरा प्रश्न होता, "आमच्या नातवाचं नाव त्यात टाकता का?" नाही. चूक लिहिते, नाव कधीच नाही, वहीचा फोटोही नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. आणि वर्गात मुलांच्या हाती हे साधन देतही नाही. युनेस्कोनं २०२३ मध्ये त्यासाठी किमान तेरा वर्षं वय सुचवलं आहे, माझी मुलं नऊ-दहाची आहेत.

तर सर, मॅडम, सुरुवात करायची असेल तर आधी एका विषयाच्या वह्या घरी न्या आणि एकच चूक निवडा. 'चौथीसाठी गणिताची कृतिपत्रिका दे' म्हणाल तर कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलाला चालेल असं काहीतरी मिळेल. ते तर पुस्तकातही आहे.

ती ७९ लिहिणारी मुलगी आता एकोणसाठला ५९ लिहिते, न थांबता. परवा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, एकोणीस म्हणजे वीसला एक कमी, एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. मग नऊला एकोणदहा काऊन नाही म्हणत?" मी तिला म्हटलं, उद्या सांगते. प्रश्न टाचणवहीत लिहून ठेवलाय.